खडकावर चरणारे शंख

ओहोटी लागली की हाजी अलीच्या वाटेलगतचे काळे खडक उघडे पडतात. मुंबईच्या अशा खडकाळ किनाऱ्यावर छोट्या टोपीच्या आकाराचे शंख घट्ट चिकटलेले असतात. त्यांना लिम्पेट म्हणतात. गोलसर नेराइट हे त्यांचे शेजारी. दोघेही समुद्री गोगलगायीच. खडक ओला असताना त्या सरकत सरकत त्यावरचे शेवाळ खरवडून खातात. लिम्पेटच्या अनेक जाती तर चरून झाल्यावर पुन्हा आपल्या ठरलेल्या जागी परततात.

खरवडण्यासाठी त्यांच्या तोंडात जिभेसारखी पट्टी असते. तिच्यावर बारीक दातांच्या ओळी असतात. पुढचे दात झिजले की मागून नवे सरकत येतात. लिम्पेटच्या दातांत गोएथाइट या लोहखनिजाचे तंतू असतात. ब्रिटनमधील पोर्ट्‌समथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये हे दात तपासले. ताण सहन करण्यात ते कोळ्याच्या धाग्यालाही मागे टाकतात, असे त्यांना आढळले.

या चरण्याचे मोल कळले ते एका अपघातामुळे. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटले. तवंग हटवण्यासाठी फवारलेल्या रसायनांनी लिम्पेट मोठ्या संख्येने मेले. चरणारेच उरले नाहीत, तेव्हा काही महिन्यांत खडक हिरवेगार झाले आणि पुढे मोठ्या समुद्री वनस्पतींनी झाकले गेले. किनाऱ्याची घडी पुन्हा बसायला दहा ते पंधरा वर्षे लागली.

आता आपल्याकडे पाहू. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवण्यात आल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असल्याने प्रवाळांचा विचार झाला. लिम्पेटला ते कवच नाही.

थंड प्रदेशातल्या लिम्पेटपेक्षा आपल्याकडच्या लिम्पेटपुढे उन्हाचे संकट मोठे आहे. भर दुपारी ओहोटी आली की खडक तापतो. मग या गोगलगायी भेगांत, सावलीत किंवा ओलसर खळग्यांत आसरा घेतात. गुळगुळीत, उभ्या काँक्रीटच्या भिंतीवर असा आसरा नसतो. सिडनीमध्ये २०१८ पासून बंदराच्या भिंतींवर खळगे आणि खाचा असलेले काँक्रीटचे फलक बसवले जात आहेत, ते याचसाठी. मुंबईत किनाऱ्यालगत नव्या भिंती बांधताना एवढी सोय ठेवणे अवघड नाही.

आपल्यालाही थोडे करता येईल. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेलात, तर लिम्पेट नखाने किंवा चाकूने उपटून पाहू नका. ओढताना त्याच्या मऊ अंगाला इजा होते आणि बहुधा तो जगत नाही. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. त्याखालची सावली कुणाचे तरी घर असते.