सेल मारला की नुसतं 'टक-टक'? नवी बॅटरी घेण्याआधी घरीच घ्या हे तीन आकडे

जळगाव/धुळे : पहाटे पाचची वेळ. कुणाला केळीच्या बागेत मजूर पोहोचवायचे असतात, कुणाला घरातलं आजारी माणूस धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचं असतं. चावी फिरवली, सेल मारला, अन् बोनेटखालून आवाज येतो नुसता 'टक-टक'. मग शेजारीपाजारी गोळा होतात, धक्का मारून गाडी सुरू होते आणि दुपारी तालुक्याला जाऊन नवी बॅटरी बसवली जाते. चार-पाच हजार गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच पहाट, तोच आवाज.

असं होतं कारण बॅटरी उतरणं हे दुखण्याचं लक्षण आहे, दुखणं वेगळंच असू शकतं. बॅटरी खराब असेल, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर बंद असेल, मधली वायर सैल असेल, नाहीतर उभ्या गाडीत कुठेतरी करंट गळत असेल. या चारपैकी नेमकं काय, हे बरंचसं घरच्या घरी कळतं. त्यासाठी दोन-चारशे रुपयांचं डिजिटल मल्टीमीटर पुरतं. बोअरच्या मोटारीसाठी वायरमन वापरतो तेच.

खान्देशात बॅटरी लवकर का जाते?

बॅटरीला सगळ्यात जास्त मार बसतो तो उन्हाचा. भुसावळ, जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. बोनेटखाली त्याहून जास्त. या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या शिशाच्या प्लेटा झिजतात. पण उन्हाळ्यात इंजिन गरम असतं, ऑइल पातळ असतं, त्यामुळे अर्धमेली बॅटरीही गाडी ओढून नेते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली आला की ऑइल घट्ट होतं, सेलला जास्त जोर लागतो आणि मे महिन्यातलं दुखणं तेव्हा बाहेर पडतं. म्हणून 'कालपर्यंत चांगली होती' यावर जाऊ नये.

आधी डोळ्यांनी बघा

मीटर लावण्याआधी टर्मिनल बघावेत. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल तर निम्मा दोष तिथेच सापडतो. गाडी बंद करून आधी काळी (निगेटिव्ह) वायर काढायची, मग लाल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून टर्मिनल घासायचे, कोरडे करायचे. बसवताना आधी लाल, शेवटी काळी. वरून थोडं पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावायचं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर फक्त बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर टाकावं. बोअरचं किंवा फिल्टरचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी बॅटरी खराब होते. मग अल्टरनेटरचा पट्टा बघावा. तो ढिला किंवा तेलकट असेल, चिरा पडल्या असतील तर अल्टरनेटर नीट फिरतच नाही. आणि ज्यांची गाडी चाऱ्याच्या किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभी राहते त्यांनी उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही बघावं.

आकडा पहिला : सकाळी, गाडी सुरू करण्याआधी

मीटर 'डीसी 20 व्होल्ट'वर ठेवावं. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. मीटरची लाल वायर 'अँपिअर'च्या भोकात नाही ना, हे आधी तपासावं, नाहीतर शॉर्ट होतं.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत 12.6 च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करूनही आकडा 10.5 च्या आसपासच राहत असेल तर एक सेल मेला असं समजावं. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे सुमारे 2.1 व्होल्ट. एक गेला की तेवढेच कमी होतात. अशी बॅटरी बदलावीच लागते.

आकडा दुसरा : सेल मारताना

एकाने सेल मारायचा, दुसऱ्याने मीटर बघायचं. आकडा खाली येणारच, पण साडेनऊच्या खाली जायला नको. आधी 12.6 होता आणि सेल मारताच आठवर आला तर बॅटरीत दम राहिलेला नाही. कधी कधी सेलची मोटर जाम असली तरी असं होतं, म्हणून दुकानात लोड टेस्ट करून घ्यावी. याउलट आकडा बारापर्यंत टिकतोय, पण इंजिन फिरत नाही, नुसतं 'टक' वाजतं, तर बॅटरीला दोष देऊ नये. दोष सेलमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा जाड वायरच्या जोडात आहे.

आकडा तिसरा : गाडी सुरू असताना

हा आकडा अल्टरनेटरचा. आपल्याकडे बरेच जण त्याला अजून डायनामोच म्हणतात. इंजिन सुरू झालं की गाडीचा सगळा भार तो उचलतो आणि बॅटरीही भरतो. रेस थोडी वाढवून मीटर बघावं. साधारण 13.8 ते 14.5 यायला हवं. मग हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून पुन्हा बघावं. तरीही साडेतेराच्या वर राहिलं तर चार्जिंग ठीक.

आकडा साडेबारावरच थांबला किंवा हळूहळू उतरू लागला तर चार्जिंग होत नाही. पट्टा, अल्टरनेटरचे कार्बन, डायोड, कटआउट म्हणजे रेग्युलेटर, किंवा मधली वायर यापैकी काहीतरी गेलं आहे. वायर तपासायला सोपा उपाय आहे. गाडी सुरू, लाइट चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटला लावावं. पाव व्होल्टपेक्षा जास्त आलं तर जोड खराब. हे करताना पट्टा-पंख्यापासून हात, गमछा, साडीचा पदर लांब ठेवावा.

आकडा 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. बॅटरी फुगते, पाणी भराभर संपतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. असं दिसलं तर गाडी बंद करावी.

काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एकाच आकड्यावर निकाल देऊ नये, लाइट लावून दोन-तीनदा बघावं.

मीटर नसेल तर

चावी 'ऑन' केली की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागायला हवा आणि गाडी सुरू झाल्यावर विझायला हवा. चालत्या गाडीत तो लागला तर चार्जिंग बंद पडलं असं धरावं आणि एसी, टेप बंद करून जवळच्या वस्तीला पोहोचावं. तेवढ्यातच तापमानाचा काटा चढू लागला तर पट्टा तुटलेला असू शकतो, मग गाडी लगेच थांबवावी. रात्री हेडलाइटसह नुसती बॅटरी फार वेळ पुरत नाही. आताच्या गाड्यांत इंधनाचा पंपही विजेवरच चालतो. बॅटरी संपली की पारोळा-धुळे हायवेवर ट्रकांच्या मधोमध गाडी बंद पडते, लाइट जातात, कित्येक गाड्यांत स्टीअरिंगही जड होतं.

तिन्ही आकडे बरोबर, तरी सकाळी बॅटरी उतरलेली?

मग करंट गळतोय. जास्तीचे फोकस, टेप, जीपीएस यांचे जोड आधी बघावेत. खात्री करायची तर बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्री काळी वायर काढून ठेवावी. सकाळी आकडा टिकून राहिला आणि वायर जोडलेल्या रात्री मात्र उतरला, तर गळती गाडीत आहे. वायर काढूनही उतरला, तर बॅटरीच खराब.

आणखी एक कारण म्हणजे गाडी फिरतच नाही. महिनाभर अंगणात उभी, आखाजीला लेक-जावयाला आणायला काढायची, किंवा रोज फक्त गाव ते शेत दोन किलोमीटर. सेल मारायला जेवढा करंट जातो तो एवढ्या फेरीत भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी.

हे करू नका

सुरू गाडीत बॅटरीची वायर काढून 'डायनामो चालतो का' बघायची जुनी पद्धत आता महागात पडते. व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड आणि कॉम्प्युटर जळू शकतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको. आतलं पाणी म्हणजे तेजाब. डोळ्यात उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धूत राहावं आणि दवाखाना गाठावा.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावताना लाल टोक आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळं चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

मेकॅनिककडे जाताना हे तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत. 'बॅटरी बघा' म्हणण्यापेक्षा 'उभी 12.5, सेलला 10, सुरू असताना 12.3' म्हटलं की बोट थेट चार्जिंगकडे जातं आणि नको तो खर्च टळतो. बॅटरी बदलावीच लागली तर गॅरंटी कार्डावर तारीख-शिक्का घ्यावा आणि जुनी बॅटरी भंगारात न देता दुकानातच परत द्यावी. 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे, आणि दुकानात जुनीचे पैसेही वजा होतात. त्यातलं शिसं आणि तेजाब शेताच्या बांधावर सांडलं तर ते आपल्याच विहिरीत उतरतं.