सुखाची अट

शाप देताना कालडेराश टोळीतल्या म्हाताऱ्यांनी त्यात एक कलम घातलं आणि ज्याला शाप दिला त्याला ते सांगितलंच नाही. साल १८९८, जागा रोमानियातलं रान. एंजेलस नावाच्या व्हॅम्पायरने त्यांच्या टोळीतली लाडकी पोर मारली होती. त्याला जाळून मोकळं न करता त्यांनी त्याचा आत्माच त्याच्या अंगात परत घातला. जवळजवळ दीडशे वर्षं केलेला एकेक खून आता त्याला आठवत राहणार होता. कलम असं, की याला क्षणभर जरी निखळ सुख लाभलं, यातनांचा विसर पडला, तर आत्मा निघून जाईल आणि आतला जुना सैतान मोकाट सुटेल. कायदा म्हणून पाहिलं तर इतका भिकार मसुदा शोधून सापडायचा नाही. कैद्याला दोन घटका आराम मिळाला म्हणून शिक्षा गावाने भोगायची!

ही गोष्ट ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकी मालिकेतली. जॉस व्हेडनने याच नावाचा चित्रपट १९९२ मध्ये लिहिला होता, पण पडद्यावर आलेलं रूप त्याला रुचलं नव्हतं. मालिकेचा पहिला भाग डब्ल्यूबी वाहिनीवर १० मार्च १९९७ ला लागला. वाहिनी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची, आणि पहिलं पर्व फक्त बारा भागांचं. कॅलिफोर्नियातलं सनीडेल हे काल्पनिक गाव, नरकाच्या तोंडावर बांधलेली शाळा, आणि रात्री स्मशानात गस्त घालणारी बफी समर्स. शाळेची इमारत मात्र खरी, लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स हायस्कूलची. पहिली दोन पर्वं सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली. त्यामुळे त्यातला काळोख दाणेदार दिसतो. भीतीला तो शोभतो.

मालिकेचं व्याकरण साधं होतं. किशोरवयात जे नुसतं वाटतं, ते इथे खरोखर घडतं. वर्गात जिच्याकडे कुणी बघत नाही, अशी एक मुलगी पहिल्या पर्वात अक्षरशः अदृश्य होते. याच रीतीने पुढे प्रत्येक मुलीच्या मनातली एक भीती घेतली: सर्वस्व ओवाळून टाकलं, तो दुसऱ्या दिवशी ओळख दाखवेना, तर?

एंजल म्हणजे आत्मा परत मिळालेला तोच एंजेलस. मूळचा आयर्लंडमधल्या गॉलवेचा, जन्म १७२७ चा. बफीच्या सतराव्या वाढदिवशी तो तिला क्लॅडा अंगठी देतो: दोन हात, मध्ये हृदय, वर मुकुट. क्लॅडा ही गॉलवेलगतची कोळ्यांची वस्ती, म्हणजे देणाऱ्याच्या गावचीच खूण. त्याच रात्री दोघं एकत्र येतात, आणि त्याला ते निखळ सुख लाभतं. १९ जानेवारी १९९८ च्या सोमवारी हा भाग लागला, आणि त्याचा उत्तरार्ध लगेच दुसऱ्या दिवशी. वाहिनी बफीला मंगळवारी हलवत होती आणि तिच्या पाठोपाठ ‘डॉसन्स क्रीक’ ही नवी मालिका सुरू करत होती. एंजलचा आत्मा गेला तो असा वेळापत्रकाच्या सोयीने, दोन रात्रींच्या मधोमध.

अमेरिकी मालिकावाले तेव्हा एका भुताला भलतेच भीत. ‘मूनलायटिंग’मधली भांडखोर जोडी एकत्र आली आणि मालिकेची रया गेली, असा तिथला पक्का समज होता. म्हणून जोडीला लोंबकळत ठेवायचं: गैरसमज, दुसरी मुलगी, उशिरा पोचलेलं पत्र. आपल्याकडच्या मालिकांना यातलं काही नवीन नाही. बफीच्या लेखकांनी उलटी चाल केली. दोघांना भेटू दिलं आणि भेटीचीच किंमत लावली. दुरावा आणायला बाहेरून कुणी यावं लागलं नाही.

आपल्या वाचकाला इथे पांडू आठवेल. मृगरूपातल्या किंदम ऋषींना बाण मारला, शाप लागला, आणि एका वसंतात माद्रीजवळ गेल्यावर तो जिवाला मुकला. पण पांडूला अट ठाऊक होती. इथे एंजलला ठाऊक नाही, बफीला नाही, आणि टोळीने त्याच्यावर नजर ठेवायला पाठवलेल्या जेनी कॅलेंडर या शिक्षिकेलाही नाही. दोघांना दूर ठेव एवढंच तिला सांगितलं होतं. का, ते तिला काका सांगतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते. ती त्याला तोंडावर सांगते, हा वेडेपणा आहे. ऐकायला उरतं कोण? काकाही लवकरच मारला जातो.

सतरा वर्षांची मुलगी आणि दोनशे सत्तर वर्षांचा प्रियकर हे गणित आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. मालिकेने त्यावर विनोद केले, गंभीर प्रश्न फारसे विचारले नाहीत.

खरी ताकद दिसते ती नंतरच्या ‘पॅशन’ या भागात. जेनी आत्मा परत आणण्याचा विधी संगणकावर उलगडते, त्याची प्रत फ्लॉपीवर घेते, आणि एंजेलस तिला शाळेतच मारतो. झटापटीत फ्लॉपी टेबल आणि कपाटाच्या फटीत पडते. इकडे तिच्यावर प्रेम करणारा ग्रंथपाल जाइल्स घरी येतो. दारात गुलाब, आत पुच्चिनीचा ऑपेरा लागलेला, बर्फात बाटली गार होत ठेवलेली, आणि वर ये एवढंच सांगणारी चिठ्ठी. तो हसतो, दोन पेले उचलून जिना चढतो. जेनी पलंगावर असते, डोळे उघडे. मग फोन जातो बफीच्या घरी. तो प्रसंग आपल्याला खिडकीबाहेरून दिसतो, शब्द ऐकू येत नाहीत. बफी भिंतीला टेकून खाली सरकते, तिची मैत्रीण विलो कोसळते, आई धावत येते. बाहेर एंजेलस उभा राहून पाहत असतो, आणि आपणही नेमके त्याच्याच जागी उभे असतो. किशोरांसाठीच्या मालिकेत एवढी निर्दय मांडणी तोवर मी तरी पाहिली नव्हती.

१९ मे १९९८ च्या ‘बिकमिंग’च्या दुसऱ्या भागात एंजेलस जग गिळणारं दार उघडायला निघतो. तीच फ्लॉपी सापडलेली असते, आणि विलो इस्पितळातल्या खाटेवरून विधी पुन्हा करायला बसते. तसा निरोप ती त्यांचा मित्र झँडर याच्याजवळ देते. झँडर बफीला भेटतो आणि निरोप गिळतो. विलोने सांगितलंय की त्याला चांगला बडव, असं स्वतःच्या मनचं सांगून टाकतो. द्वंद्व रंगात आलेलं असताना विधी लागू पडतो. एंजल परततो. मधलं त्याला काही आठवत नाही, आपण कुठे आहोत हेही कळत नाही. पण दार उघडलेलं आहे आणि ते त्याच्याच रक्ताने मिटणार आहे. बफी त्याचं चुंबन घेते, डोळे मिट म्हणते आणि तलवार आरपार घालते. दार त्याला नरकात ओढून नेतं आणि मिटतं. क्रिस्टोफ बेकच्या संगीताला त्या वर्षीचं एमी मिळालं, ते ‘बिकमिंग’च्याच पहिल्या भागासाठी.

माझ्या मते या प्रेमकथेचं मोठेपण या एका कृतीत आहे. दैवाने हिरावलं असं ती म्हणू शकत नाही. समोर कोण आहे ते तिला पुरतं माहीत आहे, आणि घाव तिचाच आहे. हे ओझं ती महिनोन् महिने कुणाला सांगत नाही. पुढच्या पर्वात जाइल्स तिला त्या रात्रीचा बारीकसारीक तपशील विचारत राहतो. दार कायमचं बांधायचा मंत्र करायचाय म्हणतो. अखेर ती बोलते: तो बरा झाला होता, त्याने मला ओळखलं होतं, आणि मी त्याला मारलं. ती निघून गेल्यावर विलो मंत्रासाठी मदत देऊ करते. जाइल्स सांगतो, मंत्र असा काही नव्हताच.

यानंतर एंजल नरकातून परत येतो, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते. तिसऱ्या पर्वात बफीची आई त्याला एकांतात गाठून समजावते, मग तो गटाराच्या बोगद्यात उभं राहून बफीला सांगतो की आपण वेगळं व्हायला हवं. तिच्या आयुष्याचा निर्णय, झाला दुसऱ्यांच्या खलबतात. त्या पर्वाच्या शेवटच्या लढाईनंतर तो धुरात दिसतो आणि न बोलता निघून जातो. हा भाग मे १९९९ मध्ये लागायचा होता. एप्रिलमध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, आणि शाळेच्या पदवीदान समारंभातच युद्ध दाखवणारा भाग जुलैपर्यंत लांबला. एंजलच्या स्वतंत्र मालिकेत, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, तर कहर. तो माणूस होतो, दोघांना एक पूर्ण दिवस मिळतो, आणि जगाच्या भल्यासाठी तो दिवस पुसून टाकायचं तो परस्पर ठरवून येतो. तिला कळतं तेव्हा हातात मिनिटभर उरलेलं असतं. मी विसरणार नाही, असं ती रडत म्हणत राहते, आणि विसरते. आठवण एकट्या त्याच्याकडे राहते. प्रेक्षकांनी हा भाग डोक्यावर घेतला. मला तो आजही अन्यायाचा वाटतो: पहिल्या वियोगात तलवार तिच्या हाती होती, इथे तिचं स्मरणसुद्धा तिचं नाही.

ही जोडी नंतर साच्यासारखी वापरली गेली. २००९ ची ‘द व्हॅम्पायर डायरीज’ आठ पर्वं चालली. ‘ट्वायलाइट’च्या लाटेवर मुंबईतही २०१० मध्ये ‘प्यार की ये एक कहानी’ आली. कॉलेजकुमारी आणि रक्तपिपासू नायक, ‘स्टार वन’ वाहिनीवर. विरह सगळ्यांनी उचलला. नायिकेच्या हातात तलवार द्यायचं धाडस क्वचितच कुणी केलं.

बफीच्या लेखकांना मात्र हिशेब आठवत होता. झँडरने गिळलेला निरोप साडेचार वर्षांनी, सातव्या पर्वातल्या एका भांडणात, ओझरता का होईना वर आला. आणि २० मे २००३ च्या शेवटच्या भागात एंजल सनीडेलला आलेला असतो, एक ताईत घेऊन, शेवटच्या लढाईत तिच्या शेजारी उभं राहायच्या तयारीने. ती नको म्हणते. मी अजून पुरती भाजून निघालेली नाही, कच्चं पीठ आहे, कुणाची व्हायचं ते नंतर बघू, अशा अर्थाचं काहीसं अडखळत सांगते. आपण हरलो तर लॉस एंजेलिसमध्ये दुसरी फळी उभी हवी, म्हणून त्याला परत पाठवते. ताईत ठेवून घेते, आणि स्पाइक या दुसऱ्या व्हॅम्पायरला देते.