मुखपालक माशांची पिल्ले

पूर्व आफ्रिकेतील मलावी व टांगानिका ही दोन विशाल सरोवरे सिक्लिड कुळातील माशांची माहेरघरे होत. रंगांच्या वैविध्यामुळे हे मासे गेल्या काही दशकांत आपल्याकडील घरगुती मत्स्यालयांतही रुळले आहेत. या कुळाचे आपले प्रतिनिधी म्हणजे कोकण-गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर आणि त्याचे लहानखुरे भाईबंद. त्यांची नर-मादी मिळून अंड्यांवर पहारा ठेवतात. मलावी सरोवरातील बहुतेक सिक्लिडांची रीत मात्र निराळी आहे. त्यांची मादी अंडी घालताच ती तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे तेथेच सांभाळते.

गंगेच्या खोऱ्यातील लखनौसारख्या शहरात या माशांचे पालन करणाऱ्यास एक गोष्ट आयतीच लाभते, ती म्हणजे पाणी. येथील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विपुल असतात. पाणी तापविण्याच्या भांड्यात साचणारा पांढरा थर त्याचीच साक्ष देतो. मलावीचे पाणीही अल्कधर्मी असून त्याचा सामू साधारणतः ८ च्या आसपास असतो. मऊ पाण्याच्या प्रदेशात शिंपल्यांचा चुरा टाकून जे साधावे लागते, ते येथे बहुधा नळातूनच येते. हवामान मात्र इतके उदार नाही. जानेवारीच्या रात्री पारा ७-८ अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, तर मे-जूनमध्ये ४० अंशांपलीकडे जातो. पिल्लांना २६ ते २७ अंश तापमान मानवते; म्हणून हिवाळ्यात तापक आवश्यक ठरतो. उन्हाळ्याचा धोका अधिक फसवा असतो, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला, तर दाटीने भरलेली टाकी काही तासांत ओस पडू शकते.

मादीच्या तोंडात अंडी आहेत हे तिच्या फुगलेल्या गळ्यावरून आणि अन्न नाकारण्यावरून ओळखता येते. या काळात ती जवळजवळ उपाशी असते. तिला तत्काळ वेगळे करण्याची घाई नवखे हौशी करतात, आणि येथेच बहुतेक वेळा डाव फसतो. भेदरलेली मादी अंडी थुंकून टाकते किंवा गिळून टाकते. तिला फार काळ दूर ठेवल्यास टोळीतील तिचे स्थानही हरपते आणि परतल्यावर इतर मासे तिच्यावर तुटून पडतात. त्यामुळे पंधरा-सोळा दिवस लोटल्यावर, रात्री दिवे मालवून, मोठ्या मऊ जाळीने तिला दुसऱ्या टाकीत हलविणे श्रेयस्कर. काही जण मादीचे तोंड उघडून पिल्ले बाहेर काढतात. अनुभवी हाताला ते जमते. पण पिवळ्या बलकाची पिशवी अद्याप चिकटलेली पिल्ले अशा रीतीने काढणे मला तरी अनाठायी वाटते. मादी तोंडातील अंडी सतत घोळवत असते; त्यामुळे त्यांना ताजे पाणी मिळते आणि बुरशी धरत नाही. हे काम यंत्राकडून करवून घेणे सोपे नसते.

पिल्ले बाहेर पडतात तेव्हा ती साधारण एक सेंटिमीटर लांब असतात व लगेच खाऊ लागतात. बारीक कुटलेले कोरडे खाद्य त्यांना चालते. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्याची नुकती फुटलेली पिल्ले तर फारच मानवतात. आर्टेमियाची कोरडी अंडी मिठाच्या पाण्यात, हवा सोडून, २८ अंशांच्या सुमारास ठेवल्यास बहुधा दीड दिवसाच्या आत फुटतात. दगडांवरचे शेवाळ खाणाऱ्या जातींच्या पिल्लांना पुढे उकडलेला पालकही द्यावा. दिवसातून चार-पाच वेळा, पण चिमूटभरच.

चिमटीचा हा आग्रह कंजूषपणाचा नव्हे. न खाल्लेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो आणि त्याचा विषारी अंश पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. सामू ७ वरून ८ झाला, की हा अंश जवळपास दसपट होतो. म्हणजे जे अल्कधर्मी पाणी या माशांना हवेसे, तेच निष्काळजी पालकाच्या टाकीत त्यांचा घात करते. दिवसाआड एक पंचमांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, छायाचित्रकारांच्या परिचयाच्या ‘हायपो’ने निष्प्रभ करता येते. गाळणी स्पंजाची असावी. साध्या गाळणीच्या तोंडाशी पिल्ले ओढली जातात.

टाकीत नर एका जातीचा आणि मादी दुसऱ्या जातीची असली, तरी अनेकदा वीण होते. अशी संकरित पिल्ले शुद्ध जातीच्या नावाने दुसऱ्याला देऊ नयेत. माशांच्या आनुवंशिक संपत्तीची नोंद व जतन हाच विषय घेऊन राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था लखनौत काम करते. १९८३ साली तिची स्थापना अलाहाबादेत झाली होती.

उरलेली पिल्ले गोमतीत सोडण्याचा मोह टाळावा. तिलापिया हाही आफ्रिकी सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आज अनेक जलाशयांतून व नद्यांतून त्याने ठाण मांडले आहे. जास्तीची पिल्ले ओळखीच्या हौशींना किंवा विक्रेत्यास द्यावीत. घरी ठेवायची पिल्ले मात्र टाकीतील सर्वांत मोठ्या माशाच्या तोंडात मावणार नाहीत इतकी वाढेपर्यंत वेगळीच राहू द्यावीत. त्यास बहुधा तीन-चार महिने लागतात.