रंगगोळ्यांचे साखळी सामने

रंगपंचमीच्या दिवशीं नाशिक शहरांत एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळतें. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा जुन्या वस्तींत पेशवाईपासून चालत आलेल्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटांत बांधलेला मोठा हौद. वर्षभर तो लांकडी ओंडके व माती यांनीं झांकलेला असतो आणि येणारा जाणारा त्यावरून खुशाल चालत असतो. पंचमी जवळ आली म्हणजे तो उघडतात, फुलें उकळून केलेला रंग त्यांत भरतात, मानकऱ्यांच्या हातून पूजा होते, आणि मग जो येईल तो वरून त्यांत उडी घेतो. या उडीस नाशिककर ‘धप्पा’ म्हणतात. रंगानें माखून निघण्याची ज्या गांवाला इतकी हौस, त्या गांवांत रंगाचा डाग लागतांच गडी बाद ठरविणारा खेळ रुजवूं म्हटलें तर तो अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. असा खेळ आहे. त्याला पेंटबॉल म्हणतात. मराठींत रंगगोळ्यांचा खेळ म्हटलें तरी चालण्यासारखें आहे.

या खेळाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत हेनिकर गांवानजीकच्या रानांत २७ जून १९८१ रोजीं बारा गृहस्थ जमले. चार्ल्स गेन्स हा लेखक, हेज नोएल हा शेअरबाजारांतला दलाल आणि बॉब गर्न्सी हा दुकानदार यांच्यांत बरेच दिवस एक वाद चालला होता. शहरांत वाढलेला चलाख मनुष्य रानांत निभावेल, कीं रानाची संवय असलेलाच तेथें वरचढ ठरेल? वादाचा निकाल लावण्यास साधन मिळालें तें मोठें गमतीचें. जंगलांतील झाडांवर व कळपांतील गुरांवर दुरून खूण करतां यावी म्हणून नेल्सन नांवाच्या रंगाच्या कंपनीनें एक पिस्तूल विक्रीस काढलें होतें. तें प्रत्येकानें हातीं घ्यावें, रानांत ठिकठिकाणीं लावलेलीं निशाणें गोळा करून बाहेर पडावें, आणि वाटेंत कोणाची गोळी अंगावर फुटली तर बाद व्हावें, असें ठरलें. जिंकला तो रिची व्हाइट नांवाचा रानांत काम करणारा मनुष्य. आणि त्यानें साऱ्या खेळांत एकही गोळी झाडली नाहीं! नवशिक्यांना हा खेळ शिकविणाऱ्यानें ही हकीकत पहिल्याच दिवशीं सांगून टाकावी, म्हणजे गोळ्यांचा नुसता पाऊस पाडण्याची हौस निम्मी तरी ओसरते.

आतांची रंगगोळी सुमारें १७ मिलिमीटर व्यासाची व तीन ग्रॅम वजनाची असते. बाहेर जिलेटिनचें पातळ कवच, आंत पाण्यानें धुतां येणारा रंग. दाबलेल्या हवेच्या किंवा कर्बवायूच्या जोरानें ती नळींतून सुटते. तिचा वेग सेकंदास ३०० फुटांपेक्षां अधिक नसावा असा सर्वत्र दंडक आहे. नवशिक्यांच्या मैदानांत तो याहूनही कमी ठेवणें बरें. प्रत्येक रंगबंदूक खेळापूर्वीं वेगमापक यंत्रासमोर झाडून पाहावी लागते, कारण वायूचा दाब व हवेची उष्णता यांप्रमाणें वेग बदलतो. उघड्या दंडावर गोळी फुटली तर नाण्याएवढा काळानिळा डाग उठतो, चार दिवसांत जातो. लांब बाह्यांचा जुना सदरा व जाड विजार असली तर तितकेंही होत नाहीं. अर्ध्या इंचाची, वजनानें निम्म्याहून कमी अशी लहान गोळीही मिळते. अगदीं कोंवळ्या वयाच्या खेळाडूंना तीच द्यावी.

परंतु डोळ्याची गोष्ट वेगळी. तीन ग्रॅमची हीच गोळी उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टि कायमची जाऊं शकते, आणि या खेळांत डोळ्यांना झालेल्या गंभीर दुखापती बहुतेक मुखवटा काढलेला असतांनाच झाल्या आहेत. मुखवटा काढण्याचें कारण नेहमीं क्षुल्लक असतें. कांचेवर वाफ धरते, घाम येतो, गडी बाद झाल्यामुळें आपला खेळ संपला असें समजतो. यासाठीं डोळे, कान व सारा चेहरा झांकणारा, याच खेळासाठीं बनविलेला मुखवटा हवा. मोटारसायकलीचा चष्मा किंवा कारखान्यांतला गॉगल येथें कामाचा नाहीं. कांचेवर वाफ धरली तर गड्यानें हात वर करावा, पंचानें शिट्टी वाजवून खेळ थांबवावा, आणि त्याला हाताला धरून जाळीबाहेर न्यावें. मुखवटा बाहेरच निघेल. मैदानाबाहेर असलेल्या प्रत्येक बंदुकीच्या नळीवर कापडी टोपी चढविलेली असावी. या दोन नियमांत एकदां जरी कोणीं कुचराई केली तरी त्या दिवशीं त्याला घरीं पाठवावें, मग तो देणगीदाराचा चिरंजीव कां असेना. ज्या मंडळाला एवढें धैर्य नसेल त्यानें हा खेळ सुरूच करूं नये.

जागेचा प्रश्न नाशकांत कठीण नाहीं, पण विचाराचा आहे. पांडवलेण्यांचा डोंगर किंवा अंजनेरीची झाडी पाहून कोणासही तेथेंच खेळावेंसें वाटेल. तसें करूं नये. एक तर लेण्यांपाशीं व देवस्थानांपाशीं माणसांची सतत ये-जा असते. शिवाय वनखात्याच्या जमिनीवर असले उद्योग करण्याचा कोणास हक्क नाहीं. शहराबाहेरची खासगी, सपाट, पडीक जमीन मालकाच्या लेखी संमतीनें घ्यावी. दीडशें फूट लांब व सवाशें फूट रुंद जागा पुरते. भोंवतीं उंच, बारीक विणीची जाळी हवी, आणि प्रेक्षक तिच्या बाहेर. आडोशासाठीं विकतच्या फुगीर भिंती आणण्याची घाई नको. द्राक्षांचे क्रेट, मातीनें भरलेलीं गोणपाटें, रिकामीं पिंपें, बांबूचे तट्टे हें सारें साहित्य या जिल्ह्यांत कोठेंही मिळतें. मात्र अणकुचीदार तारा व खिळे अगोदर काढून टाकावे. आणि बंदुकीच्या आकाराची वस्तु घेऊन माणसें धांवणार म्हटल्यावर पोलीस आयुक्तालयाकडे रीतसर अर्ज करावा, शस्त्रकायद्याप्रमाणें काय लागतें तें खरेदीपूर्वींच विचारून घ्यावें, व साहित्य वाटेंत नेहमीं पेटींत बंद ठेवावें. शेजारच्या वस्तीलाही दोन दिवस आधीं कळवावें, म्हणजे भलती धांवपळ होणार नाहीं.

आतां सामन्यांची रचना. खोखो महाराष्ट्रांतलीं मुलें पिढ्यान्‌पिढ्या खेळत होतीं. परंतु पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं नियम बांधावयास घेतले तेव्हां निरनिराळ्या संघांना एका शिस्तीखालीं खेळण्याची सोय झाली. येथेंही नियम आधीं, सामने मागाहून. आरंभीं तीस गडी पुरेत. त्यांचे पांच पांचांचे सहा संघ होतात. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशीं एकदां खेळला तर एकूण पंधरा सामने होतात. दर रविवारीं तीन सामने ठेवले तर पांच रविवारांत साखळी पुरी होते आणि कोणताही संघ एकाही रविवारीं रिकामा बसत नाहीं. एका वेळीं मैदानांत दहाच गडी असल्यामुळें बंदुका दहा व वर दोन शिल्लक एवढ्यांत भागतें. मुखवटे मात्र पंचांचे व जादाचे धरून पंधरा तरी हवेत. तीस जणांनीं तीस बंदुका घ्याव्या अशी कल्पना करून पुष्कळ मंडळें खर्चाच्या आंकड्यालाच भितात, तें व्यर्थ होय.

खरी नाजूक बाब पुढेंच आहे. नवशिका पहिल्या सामन्यांत अर्ध्या मिनिटांत बाद होतो, त्याला काय घडलें तें कळत नाहीं, आणि पुढच्या रविवारीं तो येत नाहीं. असे दहा जण गळले कीं साखळी तुटली. याला कांहीं उपाय आहेत. पहिला, संघ मित्रमंडळींचे न करतां चिठ्ठ्या टाकून करावे, म्हणजे सराईत गडी एकाच बाजूस जमत नाहींत. दुसरा, प्रत्येकास सामन्यामागें शंभरच गोळ्या द्याव्या व स्वतःच्या आणूं देऊं नयेत. ज्याच्या खिशांत पैसा त्याच्या बंदुकींत गोळ्या, असें झालें कीं गरीब घरचा विद्यार्थी या खेळाला रामराम ठोकतो. शिवाय शंभरच गोळ्या असल्या म्हणजे मनुष्य विचार करून झाडतो. या हिशेबानें तीस गड्यांना रविवारीं तीन हजार गोळ्या लागतात. दोन हजारांचें खोकें धरलें तर साऱ्या साखळीला साडेसात खोकीं. तिसरा, प्रत्येक सामना तीन लहान डावांचा करावा, म्हणजे पहिल्या डावांत बाद झालेला दहा मिनिटांत पुन्हां उभा राहतो. चौथा, दहा फुटांच्या आंत प्रतिस्पर्धी सांपडला तर गोळी न झाडतां ‘शरण’ असें ओरडावें, आणि त्यानें तें निमूट मान्य करावें. जवळून बसलेली गोळी लागते फार, आणि तीच नवख्याच्या मनांत धास्ती बसविते.

गोळी फुटल्यावर डाग पुसून टाकण्याचा मोह या खेळांत जुनाच आहे. पंच सगळीकडे पाहूं शकत नाहीं. म्हणून ‘मी बाद’ असें जो आपण होऊन सांगेल त्याची नोंद गुणपत्रकांत वेगळी ठेवावी, व बरोबरींत सुटलेला सामना त्या नोंदीवर ठरवावा.

काळ कोणता धरावा? पावसाळा मुळींच नको. जिलेटिन दमट हवेंत फुगतें, मऊ पडतें, गोळी वांकडी जाते किंवा नळींतच फुटते. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत मुखवट्याखालीं जीव घाबरा होतो. नंतरची द्राक्षांची काढणी आणि मुलांच्या परीक्षा ध्यानांत घेतां दिवाळी ते संक्रांत हाच मोसम सोयीचा. गोळ्या सावलींत, बंद डब्यांत ठेवाव्या. हें जिलेटिन बहुधा जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेलें असतें. तें ज्यांना चालत नसेल त्यांना नांवनोंदणीच्या वेळींच सांगावें, मागाहून कळून मनें दुखावूं नयेत.

सामने संपल्यावर मैदान झाडणें हें काम जिंकलेल्या संघाकडे असावें. कवचांचे तुकडे पावसापाण्यानें विरघळतात, पण न फुटलेल्या गोळ्या गवतांत पडून राहतात. आंतील द्रव्य गोड लागतें म्हणून वस्तीवरचीं कुत्रीं त्या चघळतात आणि आजारी पडतात. तेव्हां गोळी न गोळी वेंचून, तिचा हिशेब करून, मगच जाळी उतरवावी.