“राजवाडा आज बंद आहे!”

श्रोतेहो, हल्ली आपल्या खेड्यापाड्यांतूनही माणसं परदेशची सहल करून येतात. निवृत्त गुरुजी असतात, द्राक्षबागाईतदार असतात; आणि पुष्कळांचा पहिला मुक्काम बँकॉक. म्हणून तिथल्या एका जुन्या फसवणुकीची हकीकत आज सांगतो.

बँकॉकचा राजवाडा 1782 सालचा, पहिल्या राम राजानं उभारलेला. तुम्ही भिंतीच्या कडेनं दाराकडे निघालात की एक नीटनेटका गृहस्थ सामोरा येतो. गोड बोलतो. म्हणतो, “आज धार्मिक सण आहे, वाडा दुपारपर्यंत बंद. तोवर दुसरी देवळं बघून या ना!” अन् टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, थांबवून देतो. भाडं अवघं 20 बाट! एवढ्या पैशात सारं शहर कोण हिंडवील, हा प्रश्न तेव्हा सुचत नाही.

आता खरी गंमत बघा. रिक्षा एका लहानशा देवळाशी थांबते. तिथं आणखी एक अनोळखी माणूस सहज बोलता बोलता सांगतो, की आज रत्नांची सरकारी विक्री आहे, शेवटचा दिवस. रिक्षावालाही तेच म्हणतो. तीन निरनिराळी माणसं एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर आपल्याला ती खरी वाटते. तिघं एकाच माळेचे मणी, हे कसं कळावं? शिवाय थायलंडमध्ये चंथाबुरीला माणकं-नीलमण्यांचा मोठा व्यापार खरोखरच चालतो. खोट्याला असा खऱ्याचा टेकू मिळतो.

मग दुकान. “इथं घ्या, तुमच्या देशात दुप्पट भावानं विका.” खडे बहुधा खरेच असतात, पण हलक्या प्रतीचे, अन् किंमत कित्येक पट. रिक्षावाल्याला दलाली किंवा पेट्रोलची चिठ्ठी मिळते; 20 बाटांचं कोडं इथं सुटतं. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी पेन्शनीतून साठवलेले पैसे असेच घालवले. सराफानं खडे बघून मान हलवली, तेव्हा घरी सांगायची त्यांना चोरी झाली. वर्षभर बोलले नाहीत बिचारे.

राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो. राजघराण्याचा समारंभ असेल तर क्वचित बंद ठेवतात. पण ते तिकीटखिडकीवर विचारावं, रस्त्यावर नव्हे. तेव्हा सरळ दारापर्यंत चालत जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम मात्र खरा बरं का!

आणि फसलातच, तर लाजू नका. पावती जपून ठेवा, खडे टपालानं पाठवायला दुकानदाराच्या हाती देऊ नका, आणि विमान पकडण्याआधीच प्रवासी पोलिसांना 1155 या क्रमांकावर कळवा. हा फोन रात्रीही उचलला जातो.