दम्याचा हिशेब : धाप आणि दाह

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या शहराच्या व्यापारी वैभवाची साक्ष देते. पुढे त्या वैभवात पोलादी सळयांच्या कारखान्यांची भर पडली. मात्र २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हवेची विहित मानके न गाठणाऱ्या शहरांत जालन्याचीही गणना झाली. अशा शहरात घर मस्तगडच्या जुन्या वस्तीत असो वा औद्योगिक वसाहतीलगत, दम्याचा विचार केवळ डॉक्टरांवर सोपवून भागणार नाही.

फ्रान्सिस रॅकमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९४७ साली दम्याचे बाह्यकारणी व अंतःकारणी असे दोन वर्ग केले. पहिल्यात परागकण, धूळ, बुरशी यांचे वावडे असते. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले आणि आता बांधाबांधावर माजलेले गाजरगवतही काहींना बाधते. तो बहुधा बालपणीच सुरू होतो. दुसरा बहुधा प्रौढपणी जडतो. त्वचेच्या चाचणीत वावडे सापडत नाही. सर्दीपडसे, धूर, थंड हवा एवढे निमित्त त्यास पुरते.

यावरून वावडे नाही तेथे दाहही नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे; परंतु तो खरा नव्हे. श्वासनलिकेच्या अस्तराचे नमुने तपासले असता दोन्ही प्रकारांत सूज दिसते आणि पुष्कळदा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दीही आढळते. काही रुग्णांत, विशेषतः वावड्याविना होणाऱ्या दम्यात, न्यूट्रोफिल पेशींचे प्राबल्य असते व त्यांना औषध कमी लागू पडते. निमित्ते निराळी असली तरी दाह हे दोहोंचे समान सूत्र आहे.

येथेच अर्थशास्त्राचा संबंध येतो. साल्ब्युटामॉलचा पंप आकुंचलेली नलिका मोकळी करतो. दाह मात्र तसाच राहतो. तो शमविण्यासाठी श्वासावाटे अल्प मात्रेत घ्यावयाचे स्टिरॉइड १९७२पासून उपलब्ध आहे. पण त्याचा गुण हळूहळू येतो, आणि बरे वाटणाऱ्या दिवसांतला खर्च माणसाला वायफळ वाटतो. मग पंप बंद होतो आणि एके रात्री रुग्णालय गाठावे लागते. वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम आणि बुडालेली मजुरी असे व्याज त्या बचतीवर चढते. केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर विसंबू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही २०१९ साली स्पष्ट केले.

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु या धोरणाची खरी कसोटी धाप लागल्यावर मिळणाऱ्या प्राणवायूत नाही. धाप लागूच नये म्हणून लागणारा पंप गावच्या आरोग्य केंद्रात बाराही महिने मिळतो की नाही, यात ती आहे. आणि कारखान्याने धुराच्या नियंत्रणावर वाचविलेला पैसा अखेर कोणाच्या तरी छातीतून वसूल होतो, हेही ताळेबंदात मांडले गेलेच पाहिजे.