सावलीवरून वजन: कृष्णविवराच्या चित्रात आपण नेमकं काय पाहतो?

मागच्या व्याख्यानात आपण घटना-क्षितिजापर्यंत आलो होतो, म्हणजे ज्या सीमेच्या आत गेलेला प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा. आता साहजिकच प्रश्न येतो, की जिथून प्रकाश येतच नाही त्याचं चित्र काढलं कसं?

१० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झालेलं एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्राचं चित्र आपण बहुतेकांनी पाहिलं आहे. नारिंगी कडं, मधे काळोख आणि खालची बाजू जास्त उजळ. नारिंगी रंग मागाहून दिलेला आहे, बरं का. निरीक्षणं रेडिओ लहरींची होती, तरंगलांबी १.३ मिलिमीटर. उजेड कृष्णविवराचा नाही, त्याच्याभोवती प्रचंड वेगाने फिरणाऱ्या तापलेल्या वायूचा आहे. जो वायू आपल्या दिशेने येतोय तो जास्त उजळ दिसतो, म्हणून एक बाजू झळाळते.

आणि मधला काळोख? तो म्हणजे कृष्णविवर, असं बातम्यांत सर्रास म्हटलं गेलं. तसं म्हणणं अगदीच चूक नाही, पण त्यात खरी गंमत निसटते. तो काळा भाग घटना-क्षितिजापेक्षा बराच मोठा आहे, व्यासाने जवळजवळ २.६ पट.

असं का होतं ते कॅरमवरून बघू. साध्या कॅरमबोर्डवर सोंगटी नेमकी भोकावर गेली तरच आत पडते. पण समजा, ते भोकच आजूबाजूच्या सोंगट्या ओढून घेऊ लागलं. मग जरा बाजूने जाणारी सोंगटीसुद्धा वळून आत जाईल, आणि खेळणाऱ्याला भोक आहे त्यापेक्षा मोठं वाटेल. प्रकाशकिरणांचं इथे तेच होतं. ठरावीक अंतराच्या आतून जाणारा किरण वळत वळत आत पडतो. त्याच्या किंचित बाहेरून जाणारा किरण कृष्णविवराला वळसा घालून, कधी कधी पूर्ण प्रदक्षिणा करून, आपल्याकडे येतो. त्यामुळे मागच्या बाजूच्या वायूचा प्रकाशही पुढे येतो. शनीची कडी कधी आडवी रेघ होऊन दिसतात. हे प्रकाशाचं कडं मात्र कुठूनही पाहिलं तरी जवळपास गोलच दिसतं. १९७९ मध्ये ज्याँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने असं दृश्य संगणकाने आकडेमोड करून काढलं, आणि चित्र मात्र शाईने, हाताने एकेक ठिपका देऊन!

या काळ्या भागाला 'सावली' म्हणतात. भिंतीवर पडते तशी ही सावली नाही. मागून यायचा प्रकाश वाटेतच गिळला गेला, एवढाच तिचा अर्थ. तिचा आकार जवळपास फक्त वस्तुमानावर ठरतो. कृष्णविवर स्वतःभोवती किती वेगाने फिरतंय, आपण कुठून बघतोय, याने फरक पडतो तो काही टक्क्यांचाच. म्हणजे अंतर माहीत असेल तर सावली मोजून वजन सांगता येतं.

आणि एम ८७ च्या वजनावरून खरोखरच वाद होता. भोवतालच्या ताऱ्यांच्या गतीवरून ते सूर्याच्या ६०० कोटी पटींहून जास्त निघत होतं, तर वायूच्या गतीवरून सुमारे ३५० कोटी पट. दोन्ही मोजमापं काळजीपूर्वक केलेली होती, पण दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं. निवाडा सावलीच्या हाती होता. पहिला आकडा खरा असेल तर सावली ४० मायक्रो-आर्कसेकंदांच्या आसपास दिसायला हवी, दुसरा खरा असेल तर जेमतेम २१.

एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद, आणि त्याचाही दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रो-आर्कसेकंद. ४० मायक्रो-आर्कसेकंद म्हणजे चंद्रावर ठेवलेलं मोसंबं इथून बघणं. त्यासाठी पृथ्वीएवढी दुर्बीण लागते. म्हणून एप्रिल २०१७ मध्ये चिली, हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, स्पेन आणि दक्षिण ध्रुव इथल्या आठ दुर्बिणी आण्विक घड्याळांच्या मदतीने एकत्र जोडल्या गेल्या. (दक्षिण ध्रुवावरून एम ८७ दिसत नाही, तिथली दुर्बीण इतर निरीक्षणांसाठी होती.) नोंदी इतक्या अवाढव्य, की इंटरनेटने पाठवणं परवडेना. हार्ड डिस्क चक्क विमानाने आणल्या.

अशा विरळ जाळ्यातून मिळालेल्या नोंदी अपुऱ्या असतात. चित्रातल्या मधल्या जागा गणिताने भराव्या लागतात. इथे धोका आहे. कडं दिसेल अशी अपेक्षा मनात धरून बसलं, तर ते 'दिसू' लागतं! म्हणून चार गट केले, एकमेकांशी बोलायला बंदी. चारही गटांच्या चित्रांत कडं आलं. आमच्या मते या सगळ्या प्रकल्पात चित्राइतकीच महत्त्वाची गोष्ट ही आहे. कड्याचा व्यास निघाला ४२ मायक्रो-आर्कसेकंद. कडं आणि सावली तंतोतंत एकाच मापाची नसतात, म्हणून संगणकावर तयार केलेल्या हजारो नमुना-चित्रांशी ते ताडून पाहिलं. वजन आलं ६५० कोटी सूर्यांचं. ताऱ्यांवरून काढलेला आकडा टिकला.

मग याच मापाने आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं सॅजिटेरियस ए* हे कृष्णविवर पाहिलं. ते हजार-दीड हजार पटींनी हलकं, पण दोन हजार पटींनी जवळ, २७,००० प्रकाशवर्षांवर; त्यामुळे आकाशात दोघांची मापं जवळपास सारखी. इथे प्रश्न मात्र उलटा होता. जवळच्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं तपासून त्याचं वजन आधीच पक्कं झालं होतं: ४० लाख सूर्यांहून थोडं जास्त. याच कामासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. म्हणजे सावली किती दिसायला हवी हे आइन्स्टाइनच्या समीकरणांनी आधीच सांगून ठेवलं होतं, सुमारे ५०. चुकली असती तर समीकरणं अडचणीत! त्यात हे कृष्णविवर लहान असल्यामुळे भोवतीचा वायू काही मिनिटांतच रूप बदलतो. चुळबुळ करणाऱ्या मुलाचा फोटो काढण्यातलाच प्रकार. १२ मे २०२२ ला ते चित्र आलं. कड्याचा व्यास साधारण ५२.

एम ८७ ची २०१८ मधली निरीक्षणंही नंतर प्रसिद्ध झाली. वर्षभरात कड्यावरचा सर्वांत उजळ भाग सुमारे ३० अंशांनी सरकला होता. कड्याचा व्यास मात्र तेवढाच होता.